भाचा सांगली जेलमध्ये, वकील तारखेला येत नाहीत. साक्षीदाराची उलटतपासणी परत मिळेल का?

नमस्कार मंडळी,

फौजदारी कामातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

भाचा सांगलीच्या जिल्हा कारागृहात कच्चा कैदी आहे. तासगावकडं बांधावरून मारामारी झाली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ (जुनं ३०७) लागलं. जामीन फेटाळला. खटला विजयनगरला सेशन कोर्टात चालू आहे. बहिणीनं दागिने मोडून खाजगी वकील दिला, पण ते जेलमध्ये पोराला एकदाही भेटले नाहीत. जखमी फिर्यादीच्या साक्षीला तर आलेच नाहीत आणि कोर्टानं 'नो क्रॉस' केलं, म्हणजे उलटतपासणी न होताच साक्ष बंद केली. अख्खी केस ज्याच्या शब्दावर उभी आहे, त्याला आमच्या बाजूनं एक प्रश्न गेला नाही! पोरगा जेलमधून व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) होता, आवाज तुटत होता, साक्ष संपली हेही त्याला कळलं नाही. मुलाखतीला गेलो तर जाळीपलीकडून विचारतो, "मामा, आपल्या वकिलांनी त्याला काय विचारलं?" काय सांगू?

वकीलपत्रावर नाव आहे म्हणून बचाव झाला, असं मी मानत नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली साक्षीदाराला परत बोलावता येतं. वकील गैरहजर होते एवढ्या कारणावर कोर्ट अर्ज मंजूर करतं का? आरोपी आत असताना वकिलाच्या चुकीचा भुर्दंड त्याच्यावर पडतो का?

दुसरं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या खटल्यात असा वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा आणि तयारीला साधारण ७ दिवस तरी मिळावेत, असं सुप्रीम कोर्टानं अनोखीलाल खटल्यात (२०१९) सांगितलंय. इथं ते पाळतात का? असे मोफत बचावाचे वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयाचा अनुभव कसा आहे? अर्ज जेलरमार्फत करायचा की आम्ही बाहेरून? बहीण घाबरते, तिला वाटतं सरकारनं दिलेला वकील म्हणजे समोरच्या पार्टीचाच. तो आणि सरकारी वकील वेगळे, हे परोपरीनं सांगतोय.

आताचे वकील उरलेली फी दिल्याशिवाय कागद आणि एनओसी (दुसरा वकील लावायला ना-हरकत) देत नाहीत. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हा २००० सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत आहे. पण भांडण न वाढवता ते हातात कसे घ्यायचे?

पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे. तीही अशीच जाऊ द्यायची नाही. आधी वकील बदलायचा की आधी ३४८ चा अर्ज टाकायचा? सांगली-मिरजेत कुणी हे करून घेतलं असेल तर क्रम सांगा. वकिलांचं नाव कृपया विचारू नका.