सोल्युशन, व्हाइटनर, थिनर : घरातले आणि वर्गातले अनुभव

माहेरवाट
परवा रेल्वेच्या पुलावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा ओला रुमाल तोंडाशी धरून बसला होता. त्या उग्र वासासरशी १९९४ सालचे आमचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले. धाकटा भाऊ सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला जायचा. तिथले सोल्युशन तो चिंधीवर घेऊन ओढतो, हे आम्हाला दोन वर्षे कळले नाही. सकाळी तो सदऱ्याच्या बटणांशी झटत बसायचा, बोटे थरथरायची, बटण काजापाशी येऊन निसटायचे आणि मी त्याला आळशी म्हणून रागवायचे. जीभ जड झाली, पावले फाकून पडू लागली, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. अशी लक्षणे कोणी जवळून पाहिली असतील तर कृपया लिहा. एखाद्या आईला ती वेळेत ओळखता येतील.

संधिप्रकाश
ताई, मी मेंदूविकारांवर उपचार करतो. सोल्युशन आणि थिनरमधले टोल्यूइन हे द्रावक स्निग्ध पदार्थात सहज विरघळते, आणि मेंदूत तर स्निग्धांश पुष्कळ असतो. चेतातंतूंवर विजेच्या तारेसारखे मायलिनचे वेष्टन असते. दीर्घकाळ ओढल्याने ते खराब होते, संदेश रेंगाळतात, विचार मंदावतो, आणि लहान मेंदूला इजा झाली की तोल जातो व बोटे थरथरतात. तुम्ही ज्याला आळस समजलात, तो हाच आजार होता. लवकर सोडले तर काही अंशी सुधारणा होते. मात्र हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू येऊ शकतो, हे मुलांना कोणी सांगत नाही.

खडूफळा
आठवीच्या वर्गातला माझा एक विद्यार्थी आठवड्याला दोन-तीन व्हाइटनर विकत घ्यायचा. वह्या तपासताना लक्षात आले, की त्याच्या वहीत व्हाइटनरचा एकही ठिपका नाही. त्याचे अक्षर मात्र वर्षभरात ओळीबाहेर सांडू लागले होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मुले मोठ्यांच्या पुढे असलेली ही एकच नशा आहे, आणि तिचे सामान दप्तरातच असते.

थेम्सकाठ
इथे ब्रिटनमध्ये मुले नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, फुग्यात भरून ओढतात. ८ नोव्हेंबर २०२३ पासून त्यावर बंदी आहे. माझ्या मुलाच्या मित्राचे तळपाय बधिर झाले, जिना उतरताना पायरी कळेना. या वायूने शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी होते आणि मज्जारज्जूला इजा पोहोचते. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी असते, म्हणून मला अधिकच काळजी वाटते.

संधिप्रकाश
अगदी बरोबर. अशा रुग्णाला ओढणे थांबवून बी-१२ची इंजेक्शने लगेच सुरू करावी लागतात. केवळ गोळ्यांवर विसंबू नये.

निवांत
स्वयंपाक अर्धवट ठेवून लिहिते आहे. माहेरवाट, तुमचा भाऊ आता कसा आहे?

माहेरवाट
विचारलेत, बरे वाटले. नशा सुटून आता पंचवीस वर्षे होत आली आणि बोलणे बरेच सुधारले. सायकल मात्र पुन्हा कधी चालवता आली नाही. आईने त्याच्या सगळ्या सदऱ्यांना टिचबटणे लावून दिली होती. आई गेल्यापासून ती मी लावते.