३ किलोवॅट, ऑनग्रिड, डीसीआर, टॉपकॉन... सोलरच्या कोटेशनमधले शब्द कोणी नीट समजावून सांगेल का?

बेसा_रोड_ताई:
नमस्कार मंडळी. आमचं नागपुरात बेसा साइडला स्वतःचं घर आहे, छत पूर्ण मोकळं. उन्हाळ्यात दोन कूलर अन् रात्री एसी, मे महिन्यात ५०० युनिटच्या वर जातं, म्हणून यंदा सोलर बसवायचं चाललंय. दोन कोटेशन आली आहेत. एकात लिहिलंय "३ किलोवॅट ऑनग्रिड, डीसीआर टॉपकॉन बायफेशियल ५४० वॅटचे ६ पॅनल, नेट मीटरसह", दुसऱ्यात "३ किलोवॅट हायब्रिड, १५० एएचच्या ४ बॅटऱ्या", आणि ते बरंच महाग आहे. दोघांनाही विचारलं तर सगळे शब्द भराभर बोलून मोकळे होतात, घरी आल्यावर काही लक्षात राहत नाही. बाबांचं म्हणणं आहे की लाइट गेल्यावर पंखा चालणार नसेल तर एवढे पैसे कशाला घालायचे. किलोवॅट आणि युनिट एकच का? आणि ३ किलोवॅटमध्ये आमचं भागेल का?

वायरिंगवाला_काका:
ताई, आधी किलोवॅट अन् युनिट वेगळं करा, बाकीचं मग आपोआप सुटतं. किलोवॅट म्हणजे एका वेळी किती ताकद, युनिट म्हणजे ती ताकद किती वेळ वापरली. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट झालं. बिल युनिटचं येतं, सोलर किलोवॅटमध्ये विकतात, गोंधळ तिथंच होते. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देते, म्हणजे ३ किलोवॅटचे १२, महिन्याचे ३५०-३६० धरा. मार्च ते मे जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये ढगामुळे बरेच कमी. जागा किलोवॅटमागे १०० स्क्वेअर फूट लागते, टाकीची अन् जिन्याच्या टॉवरची सावली पडत नाही ना ते मात्र आत्ताच पाहून ठेवा, सकाळी ९ ला अन् दुपारी ४ ला दोन्ही वेळी वर जाऊन पाहा, कारण एका लाइनमध्ये जोडलेल्या पॅनलमधल्या एकावर सावली पडली तरी त्या पूर्ण लाइनचं उत्पादन खाली येऊ शकते.

आता बाबांचा प्रश्न, तो एकदम बरोबर आहे. ऑनग्रिड म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नाही. लाइट गेली की भर दुपारी ऊन असलं तरी हे बंद पडते. सिस्टीम खराब नसते, मुद्दाम तसंच बनवलेलं असते, कारण खांबावर लाइनमन काम करत असला अन् तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. ऑफग्रिड म्हणजे फक्त बॅटरीवर, त्याला सरकारी सबसिडी नाही. हायब्रिड म्हणजे लाइनही अन् बॅटरीही. ४ बॅटऱ्यांचा हिशोब सांगतो: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप) म्हणजे एकीत १.८ युनिट, चारींत ७.२. लेड-ॲसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर लवकर मरते, म्हणजे हाती साडेतीन युनिट. पंखे, ट्यूब, वायफाय आरामात, एसीचा विचार सोडा. तुमच्या भागात लाइट तासाभरासाठीच जात असेल तर घरचा नेहमीचा इन्व्हर्टर राहू द्या अन् सोलर ऑनग्रिड घ्या, माझं तरी हेच मत.

ऊन_४५:
काकांनी बरोबर सांगितलं, मी पॅनलबद्दल लिहितो कारण नागपुरात याच्याकडे कोणी बघत नाही. ५४० वॅट हा आकडा पॅनलचा सेल २५ डिग्रीवर असतानाचा आहे. मे मध्ये बाहेर ४५ असतं तेव्हा सेल ६५ च्या वर जातो. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, "टेम्परेचर कोइफिशंट" नावाची ओळ असते, टॉपकॉनला (हा नव्या प्रकारचा सेल) साधारण उणे ०.३० टक्के, जुन्या मोनो पर्क प्रकारच्या सेलला ०.३५ च्या आसपास, दर डिग्रीला. ४० डिग्री जास्त म्हणजे १२ ते १४ टक्के उत्पादन तिथंच गेलं. म्हणून टॉपकॉन आपल्या उन्हाला बरा, आणि पॅनल छताला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. बायफेशियल म्हणजे मागच्या बाजूनेही उजेड घेतो, पण खाली छत काळंकुट्ट असेल तर फायदा नावालाच. उन्हाळ्यात चुना मारता ना, तो मारलेला असला तर फरक पडतो.

डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेची सबसिडी फक्त यालाच आहे, पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ ला ७८ हजार आणि त्याच्या पुढे कितीही मोठं घेतलं तरी तेवढेच. हायब्रिडमधल्या बॅटरीचे पैसे यात धरत नाहीत. कोटेशनमध्ये नुसतं "डीसीआर" चालणार नाही, कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून मागा. सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी करंटचा घरात चालणारा एसी करंट करतो तो, बॅटरीवाला नेहमीचा नव्हे) किती किलोवॅटचा तेही लिहायला लावा, कारण ६ पॅनलचे ३.२४ होतात पण सबसिडीला पॅनल आणि इन्व्हर्टर यात जे कमी तेच धरतात.

बेसा_रोड_ताई:
काका, दादा, खूप आभार, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. एक राहिलं, नेट मीटर लागल्यावर बिल शून्य येतं का? दोन्ही कोटेशनवाले शून्य म्हणून राहिले.

वायरिंगवाला_काका:
शून्य नाही येत, स्थिर आकार भरावाच लागतो. नेट मीटरवर दोन आकडे दिसतात, इम्पोर्ट म्हणजे लाइनमधून घेतलेले युनिट, एक्स्पोर्ट म्हणजे तुम्ही दिलेले. दुपारी घरात वापर कमी असतो तेव्हा लाइनला देता, रात्री एसी लावून परत घेता, बिल दोघांच्या फरकावर. जास्तीचे पुढच्या महिन्यात जमा होतात, पण मार्चअखेर हिशोब होतो अन् उरलेल्याला तुम्ही भरता तो दर मिळत नाही, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवायच्या फंदात पडू नका. तुमच्या मे च्या ५०० मधून ३६० गेले की १००-३०० च्या स्लॅबमध्ये येता, वरचे महाग युनिटच आधी कटतात, खरी बचत तिथं आहे.

आणि स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनलखालच्या लोखंडी सांगाड्यावर, पैसे वाचवू नका, मे मध्ये वादळ येते तेव्हा हलकं पाइपाचं काम उचलून जाते. अर्थिंग वेगवेगळं तीन ठिकाणी मागा: पॅनलकडच्या डीसी बाजूचं, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचं, अन् लाइटनिंग अरेस्टरचं, म्हणजे आकाशातली वीज पडली तर जमिनीत नेतो त्याचं.

ऊन_४५:
धुवायचं विसरू नका, सकाळी सूर्य वर यायच्या आधी. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये, आणि बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटी वायपरने ओढून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात.