मदत हवी आहे: स्वादुपिंडातली गाठ लिम्फ नोडपर्यंत गेली का, हे ऑपरेशनआधी कितपत कळतं?

नमस्कार मंडळी, देवगडहून लिहितेय.

आबांची (वडील, वय 64) मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ दिसली. खडा राहिला बाजूला. कणकवलीहून कोकणकन्येने मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या. सुईने घेतलेल्या नमुन्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ) निघाला: ग्रेड 1 म्हणजे सगळ्यात सौम्य, केआय-67 (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) 2 टक्के, स्वतः हार्मोन न सोडणारा. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा हा वेगळा आणि बहुधा सावकाश वाढणारा, एवढं ऐकून आई जेवली त्या दिवशी.

घोळ मापाचा आहे. सीटीत गाठ 21 मिलीमीटर, एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीत 18. आणि जो तो 2 सेंटीमीटरवर बोट ठेवतो. त्याखालची, त्रास न देणारी गाठ कधी कधी नुसती लक्ष ठेवून सोडतात. त्यापुढे लिम्फ नोडमध्ये (भोवतालच्या छोट्या लसिका ग्रंथींत) पसरण्याची शक्यता वाढत जाते. आमची नेमकी उंबरठ्यावर.

एक सर्जन म्हणतात, गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून लांब आहे, तेवढीच सोलून काढू, प्लीहा (शेजारचा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) वाचेल. दुसरे म्हणतात, शेपटी, प्लीहा आणि भोवतालचे नोड एकत्र काढू, कारण नुसती गाठ काढली तर नोड तपासायचे राहूनच जातात. दोघांनीही वेळ देऊन समजावलं. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण.

सीटीच्या रिपोर्टात 'नोड वाढलेले नाहीत' अशी ओळ आहे. त्या ओळीखाली आबांनी पेनाने रेघ मारून ठेवलीय. पण सीटीत नोडचा आकार कळतो. लहानशा नोडात थोड्या पेशी शिरल्या असतील तर दिसत नाहीत, आणि फुगलेला नोड नुसत्या सुजेचाही असू शकतो. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन या ट्यूमरच्या पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर (त्या नावाचं हार्मोन जिथे चिकटतं त्या जागा) हेरतो, म्हणून जास्त भरवशाचा, तरी अगदी बारीक प्रसार त्यातूनही सुटतो. आबांच्या पेटमध्ये फक्त गाठ उजळली. केआय-67 चंही तसंच: सुईत आला तो गाठीचा एक कण, अख्खी गाठ तपासल्यावर ग्रेड वर जाऊ शकते.

तुमच्या घरी कुणाची 2 सेंटीमीटरच्या आसपासची अशी गाठ निघाली असेल तर कृपया सांगा. स्कॅन स्वच्छ असूनही ऑपरेशननंतर नोडमध्ये काही सापडलं का? गाठ सोलून काढतानाच जवळचे दोन-चार नोड तपासायला घेतले, असं कुणाचं झालंय का? आणि प्लीहा गेल्यावर रोजच्या आयुष्यात काय बदललं? आबा दिवसभर बागेत असतात, तापाची मला फार धास्ती वाटते.

प्लीहा काढायची तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल वगैरे लसी निदान दोन आठवडे आधी द्याव्या लागतात, त्यामुळे येत्या सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आबा मात्र रोज सकाळी एकच विचारतात, मोहोराची फवारणी उरकून गेलं तर चालेल काय?