मदत हवी आहे: भावाला किडनीचा टीबी. गोळ्यांनी बरं वाटतंय, तरी स्टेंट ठेवायचाच का?

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २३. वर्षभर त्याला सारखं लघवीला लागायचं. आधी नुसती जळजळ, मग रात्री तीनदा उठणं, शेवटी शेवटी सहा-सात वेळा. माझी खोली शेजारचीच, त्यामुळे बाथरूमच्या दिव्याचं बटण वाजलं की मी झोपेतही मोजायचे. दोन डॉक्टर झाले. दर वेळी रिपोर्ट तोच: पस सेल्स ४०-५० आणि कल्चरमध्ये 'वाढ नाही'. दर वेळी अँटिबायोटिकचा नवा कोर्स, आठ-दहा दिवस बरं आणि परत पहिले पाढे. खोकला नव्हता, ताप नव्हता. वजन उतरलं ते आम्ही जागरणाच्या खात्यावर टाकलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी (हे युरॉलॉजिस्ट) सगळे जुने कागद टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "पू एवढा आणि जंतू एकही नाही, हे खटकायला हवं होतं." सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी तपासायला दिली. टीबी निघाला. सीटीत डाव्या किडनीला सूज आणि युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) मूत्राशयाजवळ अरुंद झालेला. वाट उघडी राहावी म्हणून आत स्टेंट (बारीक नळी) टाकला, टीबीची चार औषधं सुरू केली. पहिल्याच दिवशी बाथरूममधून हाक, "ताई, रक्त!" ते रक्त नव्हतं, रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आईचा जीव टांगणीला लागला नसता.

आता सात आठवडे झालेत. भूक लागते, वजन दोन किलो वाढलंय. पण स्टेंटमुळे ओटीपोटात टोचतं, घाई होते. त्याचं म्हणणं, "औषध लागू पडलंय ना, मग त्रास उरलाय तो या नळीचाच. काढून टाका." शिवाय डॉक्टर दर महिन्याला सोनोग्राफी सांगतात, तीही त्याला उगाचची वाटते. क्रिएटिनिन (किडनीचं काम पाहायची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. मला उत्तर देता येत नाही. कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
मी गेलोय. तेव्हा २६ चा होतो. गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत, पण लघवी सुधारली म्हणून सोनोग्राफीला दांडी मारली. चार महिन्यांनी गेलो तेव्हा उजवी किडनी फुग्यासारखी फुगलेली आणि काम शून्य. पुढे काढावी लागली. दुखलं असतं तर गेलोच असतो हो, पण दुखलंच नाही. भावाला हे वाचायला द्या.

प्रतिसाद २
टीबीवाल्याची भांडी आणि टॉवेल वेगळे ठेवा. लहान मुलं असतील तर लांबच बरी.

प्रतिसाद ३
वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. हवेतून पसरतो तो फुप्फुसाचा टीबी. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर त्या मुलाला घरात वाळीत टाकायचं काहीच कारण नाही.

आता ताईंचा प्रश्न. मी डॉक्टर आहे, पण पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या युरॉलॉजिस्टचा. औषध जंतू मारतं, अरुंद झालेला युरेटर रुंद करत नाही. भाजल्याची जखम भरताना कातडी कशी आकसते, तसंच युरेटरच्या आत होतं. म्हणजे टीबी बरा होत असतानाच वाट आणखी बंद होऊ शकते, आणि ती सुद्धा बरं वाटत असताना. पहिले काही महिने म्हणूनच धोक्याचे. स्टेंट तिथे वाट उघडी धरून बसलाय. टोचण्यावर गोळी मिळते, मागून घ्या.

क्रिएटिनिनवर विसंबू नका. एक किडनी धडधाकट असली की ती दुसरीचं काम ओढते आणि आकडा नॉर्मलच दिसतो. डावी किती चालते हे पाहायचं तर डीटीपीए स्कॅनबद्दल विचारा.

स्टेंट कधी बदलायचा किंवा काढायचा, ती तारीख मात्र लिहून घ्या. सहसा तीन ते सहा महिन्यांत. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग काढताना सगळ्यांचे हाल. आणि इथॅम्ब्युटॉल (टीबीच्या चार औषधांतलं एक) चालू आहे तोवर रंग फिके किंवा नजर धूसर वाटली तर त्याच दिवशी कळवायचं.

(जाता जाता: साध्या कल्चरमध्ये टीबीचा जंतू उगवतच नाही, त्याला वेगळं माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. त्यात क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स त्यालाही थोडा काळ दाबतात. ते मधले आठ-दहा दिवस बरं वाटणं त्यातलंच असू शकेल.)

धागाकर्ती
सर्वांचे आभार. प्रतिसाद १ त्याला मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलला नाही, मोबाइल घेऊन आत गेला. रात्री विचारतो, "त्यांची दुसरी किडनी बरी आहे ना?"

प्रतिसाद १
ठणठणीत आहे म्हणावं. आठ वर्षं झाली.

धागाकर्ती
सांगितलं. सोनोग्राफी परवा आहे, येतो म्हणालाय. फोन करून स्कॅनचं विचारलं, पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. त्याला उपाशीपोटी जायचं असतं का?

प्रतिसाद ३
सहसा नाही. उलट पाणी भरपूर पिऊन जायचं असतं. तारीख देणाऱ्यांना एकदा विचारून घ्या, आणि स्टेंट आहे हे तिथे गेल्या गेल्या सांगा.