‘खरेदी’, ‘परवाना’, ‘वर्गणी’ : महाविद्यालयांच्या सामाईक ई-साधनांसाठी नेमके शब्द कोणते?

विचारणा

ग्रंथालयातील ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके यांच्या वापराचे नियम मी सध्या मराठीत लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्यापाशी अडलो आहे. मसुद्यातले वाक्य असे आहे : ‘सामायिक योजनेतून खरेदी केलेल्या ई-साधनांमध्ये सर्व विद्यार्थ्यांना प्रवेश आहे.’ वाचताना त्यात काही खटकत नाही. परंतु यातला ‘खरेदी’ हा शब्द किती त्रासदायक ठरू शकतो, हे मी पूर्वीच्या एका महाविद्यालयात अनुभवले आहे. तिथे देयकांवर ‘ई-जर्नल्स खरेदी’ असा शेरा मारलेला होता. लेखापरीक्षकांनी साहजिकच दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारी वही) मागवली, त्या जर्नल्सचे दाखल अंक, म्हणजे त्या वहीतले नोंद क्रमांक, दाखवा म्हणाले, आणि दाखल अंकच नाहीत असे समजल्यावर वस्तू ताब्यात न येता रक्कम अदा केल्याचा आक्षेप त्यांनी नोंदवला. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते, कारण खरेदी म्हटली की वस्तू आली आणि वस्तू आली की नोंद आली. करारनाम्याची प्रत जोडून खुलासा करावा लागला, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटले.

तेव्हा ‘खरेदी’ला पर्याय काय? इंग्रजी करारात ‘लायसन्स’ आणि ‘सब्स्क्रिप्शन’ हे दोन्ही शब्द येतात. त्यांना अनुक्रमे ‘परवाना’ आणि ‘वर्गणी’ म्हणावे का? आणि ‘सामायिक’ हे रूप योग्य आहे का?

प्रतिसाद

आपल्या अनुभवातच उत्तर दडलेले आहे. पैसे देणे थांबल्यावर आपल्याजवळ काय उरते, या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दातून मिळते तो शब्द निवडावा. छापील अंक घेतला तर पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तरी मागचे अंक मांडणीवर राहतात. ई-नियतकालिकाच्या बाबतीत मात्र प्रकाशकाच्या संगणकावरील मजकूर ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक लोकांनी, ठरावीक पद्धतीने वापरण्याची मुभा तेवढी मिळते. कायद्याने हा भेद स्पष्ट ठेवला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणे कलम १८ व १९ मध्ये येते, तर हक्क स्वतःकडेच ठेवून दुसऱ्याला वापराची मुभा देणे कलम ३० मध्ये. आपला विषय या दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणून ‘खरेदी’ हा शब्द बाद करावा.

‘लायसन्स’साठी तीन शब्द प्रचारात आहेत. ‘अनुज्ञप्ती’ हा शासकीय शब्द वाहन चालवण्याच्या संदर्भात रुळला आहे, पण विद्यार्थ्यांसाठीच्या नियमात तो जड होईल. ‘परवाना’ सर्वांना कळतो. त्याला एकच अडचण आहे, ती अशी की हा शब्द ऐकल्यावर सरकारी खात्याने दिलेला कागद डोळ्यांपुढे येतो, तर इथे देणारा खाजगी प्रकाशक असतो आणि अटी बोलणी करून बदलून घेता येतात. ही बोलणी करता येतात हेच अनेक महाविद्यालयांना ठाऊक नसते आणि छापून आलेल्या नमुन्यावर डोळे झाकून सही होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यामुळे मी ‘वापर-परवाना’ असा जोडशब्द सुचवीन आणि दस्तऐवजाला ‘वापर-परवाना करार’ म्हणेन. घरभाड्याच्या व्यवहारातला ‘लीव्ह अँड लायसन्स’ मराठी माणसाला पाठ आहे. राहायला मिळते, पण घर आपले होत नाही, ही समज तिथून आयती मिळते.

कोणी ‘वहिवाट’ सुचवील. शब्द सुंदर आहे, पण इथे तो चुकीचा ठरेल. वहिवाटीचा हक्क दीर्घकाळच्या वापरातून अंगी लागतो. उलट एखादे जर्नल वीस वर्षे वापरले तरी केवळ वापरामुळे परवानाधारकाचा कोणताच हक्क तयार होत नाही. जुन्या अंकांचा वापर पुढेही चालू राहावा असे वाटत असेल तर तसे कलम करारात घालून घ्यावे लागते. त्याला ‘कायमचा प्रवेश’ असे मोघम न म्हणता ‘वर्गणी थांबल्यानंतरचा वापरहक्क’ असे म्हणावे. शब्द लांबला तरी चालेल. ‘देवघेव’ या आपल्या नेहमीच्या शब्दाचेही तसेच आहे. मालकीचे पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाला देताना प्रकाशकाला विचारावे लागत नाही, पण ई-लेखाची आंतरग्रंथालयीन देवघेव करारात मान्य केली असेल तरच करता येते, आणि कधी कधी ती फक्त छापील प्रत काढून देण्यापुरतीच मान्य असते.

दुसरा प्रतिसाद

‘सामायिक’विषयी. सातबाऱ्याच्या भाषेत ‘सामाईक विहीर’, ‘सामाईक बांध’, ‘सामाईक खातेदार’ असे रूप चालते आणि मराठीत तेच वापरावे. ‘सामयिक’ म्हणजे काळाशी निगडित, प्रासंगिक किंवा ठरावीक काळाने निघणारे. ‘सामायिक’ हे रूप या दोन्हींच्या मधोमध लोंबकळते आणि नियतकालिकांविषयीच्याच मजकुरात ते आले तर वाचक हमखास गोंधळतो. ‘सामायिक सामयिके’ असा शब्दप्रयोग मी एका परिपत्रकात प्रत्यक्ष वाचला आहे.

पण ‘सामाईक’ लिहितानाही एक खबरदारी हवी. सामाईक विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा असतो. महाविद्यालये एकत्र येऊन ई-साधने घेतात तेव्हा त्या साधनांमध्ये कोणाचाच हिस्सा नसतो. सामाईक असतात ती बोलणी, दर आणि अटी. म्हणून ‘सामाईक ई-साधने’ यापेक्षा ‘सामाईक कराराने मिळालेली ई-साधने’ हे अधिक खरे आहे. अशा गटाला ‘ग्रंथालय संघ’ म्हणणेही टाळावे, कारण त्या नावाच्या संस्था आधीपासून वेगळ्या कामासाठी आहेत. ‘ग्रंथालय समूह’ चालेल. बोलताना सगळे ‘कन्सॉर्शियम’च म्हणतात आणि त्यात गैर काही नाही.

आपल्या वाक्यातला ‘प्रवेश’ही काढून टाकावा. महाविद्यालयाच्या आवारात ‘प्रवेश’ म्हटले की जून महिना आठवतो.

तिसरा प्रतिसाद

पैशांच्या शब्दांकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहीत आहे. ‘वर्गणी’ला मराठीत दोन अर्थ आहेत : नियतकालिकासाठी ठरावीक मुदतीने भरायची रक्कम, आणि एखाद्या सामाईक कामासाठी अनेकांनी आपापल्या वाट्याची घातलेली भर. ग्रंथालय समूहात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, इतका हा शब्द इथे चपखल आहे. मात्र पैसे कोण भरतो ते पाहूनच तो वापरावा.

आपल्याकडची व्यवस्थाच पाहा. ई-साधने मिळवून देणाऱ्या तीन योजना होत्या : विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट, महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आणि तंत्रशिक्षणासाठी इंडेस्ट-एआयसीटीई. त्या २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’त एकत्र आल्या आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र तिचे काम पाहू लागले. एन-लिस्टमध्ये महाविद्यालय वर्षाला एक ठरावीक, तुलनेने लहान रक्कम भरते. ती साधनांची किंमत नसते, कारण मोठा भार सार्वजनिक निधीवर असतो. म्हणून तिला ‘सदस्यत्व शुल्क’ म्हणावे, ‘वर्गणी’ नव्हे. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ (एक देश, एक वर्गणी) या योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी एकूण ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधन संस्था मिळून सुमारे ६,३०० संस्था, असा तिचा आवाका आहे. तिथे वर्गणीदार कोण? सरकार. महाविद्यालय हे ‘लाभार्थी संस्था’ किंवा ‘सहभागी संस्था’ ठरते. त्याच्या अंदाजपत्रकात त्या नियतकालिकांसाठी ‘वर्गणी’ असा खर्च दाखवणे चुकीचे होईल.

‘अनुदान’, ‘निधी’ आणि ‘तरतूद’ हेही सरसकट एकमेकांच्या जागी लिहिले जातात. अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवली ती तरतूद, विशिष्ट कामासाठी साठवला तो निधी, आणि वरच्या संस्थेने अटी घालून दिले ते अनुदान. करार तीन वर्षांचा आणि तरतूद एकाच वर्षाची, ही ग्रंथपालाची नेहमीची डोकेदुखी शब्द नीट वापरले तर निदान कागदावर स्पष्ट दिसते आणि वेळेत मांडता येते.

मूळ विचारणा करणाऱ्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘सामाईक करारानुसार मिळालेल्या वापर-परवान्याच्या मुदतीत ही ई-साधने महाविद्यालयाचे विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांना वापरता येतील, साधनांची मालकी प्रकाशकांकडेच राहील.’ देयकाच्या नमुन्यातही ‘खरेदी’ खोडून ‘वापर-परवाना शुल्क’ लिहिले, आणि पुढच्या रकान्यात मुदतीची सुरुवात व शेवट यांच्या तारखा घातल्या. दाखल अंकाच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहून तिथेच करार क्रमांकाचा संदर्भ दिला आहे. एक शंका उरते : बाहेरून ग्रंथालयात येऊन तिथल्याच संगणकावर वाचणाऱ्या अभ्यासकाला करारात वेगळे स्थान असते, त्याच्यासाठी मी ‘अभ्यागत वाचक’ असा शब्द योजला आहे. त्याहून बरा शब्द कोणाच्या वापरात असेल तर जरूर कळवावा.