मदत हवी आहे: मेक्सिकोतलं सोचिकाल्को, १४-१५ मेच्या सुमारास कोणी गेलं आहे का?

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात बाबांना घेऊन मेक्सिकोला जायचं ठरतंय. बाबा पुण्यात भूगोल शिकवायचे. दरवर्षी १३ मेच्या आसपास आमच्या गच्चीवर मुलांचा घोळका जमायचा, मधोमध एक पाइप उभा केलेला, आणि साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन त्याची सावली नाहीशी झाली की एकच गलका व्हायचा. जुलैतली शून्य सावली मात्र ढगांनी आम्हाला कधीच बघू दिली नाही.

सोचिकाल्को हे कुएर्नावाका शहराच्या नैर्ऋत्येला डोंगरमाथ्यावर वसलेलं जुनं शहर. तेओतिवाकान या प्राचीन महानगराचा जोर ओसरल्यावर, साधारण इ.स. ७०० ते ९०० मध्ये ते भरभराटीला आलं. स्पॅनिश आले तेव्हा ते ओस पडून सहा शतकं झाली होती. १९९९ पासून ते जागतिक वारसा आहे. पिसांच्या सर्पाचं कोरीव मंदिर बघायचंच आहे, पण आमचा जीव अडकलाय तो तिथल्या गुहेत. तिच्या छतातून वर जमिनीपर्यंत एक उभा झरोका काढलेला आहे. ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट असे १०५ दिवस त्यातून ऊन आत उतरतं, बाकीचे २६० दिवस नाही. आणि तिथल्या जुन्या लोकांचं विधींचं पंचांगही २६० दिवसांचंच! १४-१५ मेला सूर्य बरोबर माथ्यावर आला की उजेडाचा झोत सरळ खाली पडतो. पुण्याचा अक्षांश १८.५, सोचिकाल्कोचा १८.८. बाबांना नकाशात दाखवलं, तर कितीतरी वेळ त्यांचं बोट तिथून हललं नाही.

आता अडचण अशी, की बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गुहेपर्यंतची वाट कशी आहे, पायऱ्या किती, आत वाकून जावं लागतं का? माझ्या हिशेबाने तिथेही सूर्य साडेबारानंतर दोन-चार मिनिटांनी माथ्यावर येईल. नेमक्या त्या वेळी आत सोडतात का, की गटागटाने नेऊन लगेच बाहेर काढतात? त्या दोन दिवसांत गर्दी फार असेल, तर १२ किंवा १७ मेला जाऊनही झोत जवळपास सरळ दिसेल का?

कुएर्नावाकाहून दिवसभराची टॅक्सी ठरवावी, की बसने जाऊन परतीचं वाहन मिळतं? आम्हाला दोघांनाही स्पॅनिश येत नाही.

कोणी मे महिन्यात गेलं असेल तर उन्हाचंही सांगा. बाबांना तिथे निदान अर्धा तास निवांत बसता यावं, एवढंच बघतोय.