जिनिंगच्या ईआरपीसाठी पोस्टग्रेस एचए (एक सर्व्हर पडला तरी काम चालू ठेवणं) : दोन सर्व्हर पुरतात का तिसरी मशीन लागतेच?

आर्वी_सिस्टीम
राम राम मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वी साईडला एका जिनिंग-प्रेसिंगचं कॉम्प्युटरचं काम पाहतो. काट्यापासून तर गठाणी अन् सरकीच्या हिशोबापर्यंत सगळं एकाच ईआरपीवर (धंद्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) हाय, त्याच्या खाली डेटाबेस पोस्टग्रेस १५. सीझनमधी गाड्यांची रांग लागली अन् तेवढ्यात डेटाबेस बसला की वजनाची पावती निघत नाही, मंग शेतकरी थंडीत रात्रभर गाडीपाशी बसून राहते, हे मले पाहवत नाही. मालकानं आता दुसरा सर्व्हर घेऊन देला. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन लावलं, म्हणजे मुख्य सर्व्हरचा (प्रायमरी) डेटा दुसऱ्यावर (स्टँडबाय) सतत उतरत राहते, ते बरोबर चालून राहिलं. आता एक पडला की दुसरा आपोआप उभा राहावा असं पाहिजे. त्यासाठी स्क्रिप्ट लिहून राहिलो, स्टँडबायनं दर ५ सेकंदाला प्रायमरीले पिंग करायचं (जित्ता हाय का ते नेटवर्कवरून विचारायचं), तीनदा उत्तर नाही आलं का स्वतःले प्रमोट करून घ्यायचं, म्हणजे स्वतःच प्रायमरी व्हायचं. यात काही धोका हाय का?

अकोट_डीबीए
भाऊ, ती स्क्रिप्ट लावू नका. पिंग आलं नाही म्हणजे मशीन मेली असं होत नाही. मधला स्विच बंद पडला, केबल उंदरानं कुरतडली, तरी पिंग जाते अन् दोन्ही मशीन मात्र जित्या राहतात. मग स्टँडबाय प्रमोट होईल, जुना प्रायमरी पण लिहीतच राहील, काट्यावरचा पीसी एकात पावत्या टाकेल अन् ऑफिसवाले दुसऱ्यात. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. नंतर दोन्ही डेटा एकत्र करायची सोय पोस्टग्रेसमध्ये नाही, एकाच नंबरच्या दोन पावत्या हातानं जुळवत बसा, तेही शेतकऱ्याच्या पैशाच्या.

दोघांत वाद झाला तर निवाडा करायला तिसरा लागतेच. पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा प्रायमरी आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर) वापरा अन् त्याच्या खाली ३ ठिकाणी इटीसीडी (लीडर, म्हणजे प्रायमरी, कोण याची नोंद ठेवणारा छोटा डेटाबेस). तिनातल्या दोघांचं मत असल्याशिवाय कोणी लीडर होत नाही, अन् ज्या प्रायमरीचा बाकी दोघांशी संपर्क तुटला तो स्वतःहून खाली उतरते. लीडरच्या कुलपाची (इटीसीडीतली ‘मीच लीडर’ ही नोंद) मुदत डिफॉल्ट ३० सेकंद असते, म्हणजे मशीन अचानक मेली तर साधारण अर्ध्या मिनिटात दुसरा उभा राहते. काट्यावर तेवढं चालते. तिसऱ्या मशीनवर डेटाबेस ठेवायची गरज नाही, नुसतं इटीसीडी, त्यामुळे साधा डेस्कटॉप पुरते, पण त्यात एसएसडी पाहिजेच. इटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढं जात नाही, हळू हार्डडिस्कवर विनाकारण लीडर बदलत राहतो.

पांढरकवडा_नेटवर्क
वरचं बरोबर आहे, पण मी आधी लाईनचं विचारतो. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आहेत का? तसं असलं तर पॅट्रोनी काय करणार, लाईन गेली अन् जनरेटर वेळेवर सुरू नाही झाला तर दोन्ही संगंच झोपतील. अन् बऱ्याच ठिकाणी पाहिलं मी, सर्व्हरले यूपीएस असते पण स्विच सरळ भिंतीच्या प्लगवर. एक सर्व्हर ऑफिसात, दुसरा प्रेस हॉलच्या बाजूला वेगळ्या यूपीएसवर (कापसाच्या धुळीपासून जपून), तिसरी मशीन काट्याच्या केबिनमध्ये, असं वाटून ठेवा.

आणि खरंच ऑटोमॅटिक पाहिजे का हे पण पाहा. सीझनमध्ये रात्री जाणकार माणूस हजर असते तर हातानं प्रमोट करणं सोपं आहे, पोस्टग्रेस १२ पासून पीजी-प्रमोट नावाचं फंक्शनच आहे. फक्त जुनी मशीन आधी पक्की बंद करायची. ज्याची देखभाल तुमच्याशिवाय कोणालेच जमत नाही असं क्लस्टर उभं करू नका.

आर्वी_सिस्टीम
रात्री नुसता काटेवाला राहते, म्हणून ऑटोमॅटिकच लागते. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत हायेत, ते उद्याच वेगळे करतो. अजून दोन गोष्टी सांगा. ॲप्लिकेशनले नवीन प्रायमरी कसा सापडन? अन् सिंक्रोनस (नोंद स्टँडबायवर पोचल्याशिवाय पक्की न धरणं) लावू का? एकही पावती हरवली नाही पाहिजे.

अकोट_डीबीए
ईआरपी जावावर असेल तर जेडीबीसीच्या (जावा प्रोग्राम डेटाबेसला जोडायची सोय) युआरएलमध्ये दोन्ही होस्ट कॉमा देऊन लिहा अन् टार्गेट-सर्व्हर-टाईप प्रायमरी ठेवा, ड्रायव्हर आपोआप लिहिता येणारा सर्व्हर शोधते. मग एचएप्रॉक्सी (मधे बसून जोडणी बरोबर सर्व्हरकडे वळवणारा प्रोग्राम) नसला तरी चालते.

सिंक्रोनस लावा, पण पॅट्रोनीच्या सिंक्रोनस मोडनं, स्ट्रिक्टवाला (स्टँडबाय नसला तर लिहिणंच थांबवणारा) नको. नुसत्या पोस्टग्रेसमध्ये एकच स्टँडबाय सिंक्रोनस ठेवला अन् तो बंद पडला तर प्रायमरीवरचे कमिट (नोंदी पक्क्या करणं) अडकून राहतात, म्हणजे रांग पुन्हा थांबली. पॅट्रोनी अशा वेळी सिंक्रोनस सोडून देते अन् काम चालू ठेवते. तेवढ्या वेळात प्रायमरीची डिस्कच गेली तर मधल्या पावत्या जातील, म्हणून स्टँडबाय पडल्याचा मेसेज लगेच मोबाईलवर आला पाहिजे.

रेप्लिकेशन स्लॉटवर पण लक्ष ठेवा. स्टँडबाय लय वेळ बंद राहिला तर स्लॉट त्याच्यासाठी वॉल फाईली (प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या) जमवत राहतो अन् प्रायमरीची डिस्क भरते. याची मर्यादा ठरवणारी सेटिंग मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साईज डिफॉल्टनं अमर्याद असते, डिस्क पाहून तिला आकडा द्या.

पांढरकवडा_नेटवर्क
अन् बॅकअप वेगळाच घ्या, हे राहून जाते. कोणी चुकून पूर्ण दिवसाच्या पावत्या डिलीट केल्या तर ते डिलीट स्टँडबायवर पण तेवढ्याच लवकर पोचते. पीजीबॅकरेस्ट (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) लावा, वॉल अर्काइव्ह (त्या वॉल फाईलींचा साठा) जिनिंगच्या आवाराबाहेर जाऊ द्या, कापसाच्या गंजीले आग लागायची भीती तर राहतेच. मग चूक व्हायच्या आधीच्या मिनिटावर परत जाता येते. गाड्या सुरू व्हायच्या आधी एखाद्या रविवारी प्रायमरीची केबल खरोखर ओढून पाहा, अन् तेव्हा काटेवाल्याला जवळ उभा करा, त्याच्या स्क्रीनवर काय दिसते ते त्याले आधीच माहीत पाहिजे.